आयरिश क्रांतिकवींचीं पदें व जुन्या चाली

इ. स. १९१६ च्या ईस्टर उठावानंतर देहान्त शासन झालेल्या आयरिश पुढाऱ्यांपैकीं पिअर्स, मॅकडोना व प्लंकेट हे कवि होते. त्यांचीं काव्यें परंपरागत संगीतांत बसवितांना चाल आधीं कीं शब्द आधीं, हें पाहिलें पाहिजे असें आमचें मत आहे. पिअर्सनें स्टुअर्ट राजपुत्राच्या स्वागताचें एक जुनें गीत घेतलें. पालुपद व चाल तींच ठेवून राजपुत्राच्या जागीं सोळाव्या शतकांतील दर्यावर्दी ग्रेस ओमॅली हिला आणिलें. बाडांत पदाच्या माथ्यावर 'चाल अमुक' एवढेंच वाचणाऱ्यांस यांतील मर्म सांगावयास नको. हें पद लोकांच्या तोंडीं बसलें.

त्याची 'मिशे एरे' (१९१२) ही कविता मात्र निराळी. त्याच नांवाच्या १९५९ च्या चित्रपटांत शॉन ओ रिआदानें तिच्या शब्दांस हात न लावतां जुन्या चालीच वाद्यवृंदांत घातल्या, हें उचितच झालें. २०१६ सालीं पॅट्रिक कॅसिडीनें त्या शब्दांस दिलेले स्वर मधुर खरे. पण ती रचना नवी, तिला परंपरागत म्हणतां येणार नाहीं. मॅकडोनानें तर मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत आयरिश चालींनीं इंग्रजी पद्याची गति कशी पालटली तें दाखविलें आहे. त्याचीं पदें गाणाऱ्यानें तो आधीं वाचावा.