दरड न कोसळलेले दिवस कुठे गेले?

दरडींवर संशोधन करायचं ठरवलंत, की नेल केन यांचा १९८०चा शोधनिबंध तुमच्या हाती येणारच. जगभरातल्या उथळ दरडी आणि राडारोड्याच्या लोटांच्या ७३ नोंदी घेऊन त्यांनी पावसाचा कालावधी आणि तीव्रता यांचा आलेख मांडला आणि बिंदूंच्या तळाशी एक रेषा ओढली. तिच्याखालच्या पावसात सहसा दरड कोसळत नाही. कल्पना साधी आणि उपयोगी. म्हणूनच पुढे अशा कितीतरी रेषा निघाल्या.

पण आलेख नीट बघा. त्यातला प्रत्येक बिंदू दरड कोसळल्याचा आहे. तेवढाच पाऊस पडूनही डोंगर जागेवर राहिला, तो दिवस त्यात नाहीच. केन यांच्या सूत्रात २४ तास घाला, साधारण १०३ मिलिमीटर पाऊस येतो. महाबळेश्वरला जुलैत एवढा पाऊस म्हणजे नवल नाही. मग दर वेळी गाव रिकामं करायचं? चार इशारे फुकट गेले, की पाचव्यांदा कोणी घर सोडत नाही.

दुसरी उणीव कारणाची. मातीच्या छिद्रांत पाण्याचा दाब वाढतो, इफेक्टिव्ह स्ट्रेस घटतो, घर्षण अपुरं पडतं, तेव्हा उतार सुटतो. आधीच्या पावसाने माती किती भिजली होती, हे या रेषेला कळत नाही.

म्हणून निबंध टाकाऊ ठरत नाही. ‘किमान किती पाऊस?’ हे त्याला जरूर विचारा. ‘दरड कधी कोसळेल?’ हे विचारू नका. आणि तुमच्या तक्त्यात ‘पाऊस पडला, काही झालं नाही’ हा रकाना पहिल्या दिवसापासून ठेवा.