आवडीची मोजणी आणि रसिकतेची भाषा : गाण्यांच्या ऑनलाइन गुणांकनाचा एक विचार

प्रास्ताविक

संगीताचा आस्वाद ही व्यक्तिगत बाब मानली जात असली, तरी आपल्याला भावलेले गाणे दुसऱ्याला ऐकवावे आणि त्यानेही दाद द्यावी, ही इच्छा त्या आस्वादाचाच एक भाग आहे. अभिनवगुप्तांच्या विवेचनातील 'सहृदय' म्हणजे कवीच्या हृदयाशी संवाद साधू शकणारा रसिक. व्यवहारात मात्र रसिकाला आणखी एका रसिकाची सोबत हवी असते. इंटरनेटने ही सोबत कधी नव्हे इतकी सुलभ केली. गाणे पाठवणे, त्याला तारे देणे, अंगठा उंचावणे आणि इतरांनी दिलेले गुण पाहून पुढचे गाणे निवडणे, हे आज ऐकण्याच्या क्रियेचेच अंग झाले आहे.

या गुणांकनातून नेमके काय कळते आणि काय निसटते, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे. त्यासाठी मराठी श्रोत्यांची पूर्वपरंपरा आणि भिवंडीतील धामणकर नाका परिसरातील बहुभाषिक श्रोतृवर्ग यांचा आधार घेतला आहे.

फर्माईश आणि क्रमवारी

आवड जाहीर करण्याची सोय संगणकाने प्रथम दिली असे नाही. आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावरील 'आपली आवड' या कार्यक्रमाने पत्र पाठवणाऱ्या श्रोत्याचे नाव व गाव गाण्याशी जोडले. पोस्टकार्डावर लिहिलेली ती फर्माईश हजारो अनोळखी लोकांसमोर वाचली जाई. एकाच्या आवडीचे गाणे सर्वांना ऐकावे लागे, आणि हेच त्या कार्यक्रमाचे सामाजिक मूल्य होते.

क्रमवारीची परंपराही जुनी आहे. तत्कालीन नभोवाणीमंत्री डॉ. बा. वि. केसकर यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवर चित्रपटगीतांना जवळजवळ मज्जाव झाला. त्याच काळात, १९५२ च्या डिसेंबरमध्ये, रेडिओ सिलोनवर अमीन सायानी यांची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. आरंभी ती श्रोत्यांसाठी एक स्पर्धा होती. पुढे तिला लोकप्रियतेच्या क्रमवारीचे रूप आले आणि त्यासाठी ध्वनिमुद्रिकांच्या विक्रीबरोबर श्रोता संघांच्या पसंतीचाही विचार होऊ लागला. अखेर १९५७ मध्ये 'विविध भारती' सुरू करून शासनालाही लोकांच्या आवडीची दखल घ्यावी लागली. श्रोत्यांच्या पसंतीपुढे धोरणाला वाकावे लागल्याचे हे महत्त्वाचे उदाहरण होय.

तथापि या परंपरेचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. 'गीतमाले'ची प्रायोजक एक दंतमंजन बनवणारी कंपनी होती. शिवाय विक्रीवर आधारलेल्या क्रमवारीत तबकडी विकत घेऊ शकणाऱ्याचेच मत वजनदार ठरणार, हे उघड आहे. फर्माईशीच्या पत्रातही गाणे का आवडले हे क्वचितच लिहिलेले असे. म्हणजे कारणाविना आवड नोंदवण्याची सवय आपल्याला आधीपासूनच आहे. नव्या माध्यमाने तिला वेग आणि आकडा दिला.

तारे, अंगठा आणि इतरांचे मत

गुणांकनाची मर्यादा खुद्द माध्यमांच्याच लक्षात आली होती. प्रेक्षकांनी दिलेल्या ताऱ्यांपैकी बहुसंख्य वेळा पाचच तारे असतात, मधल्या श्रेणी जवळजवळ वापरल्याच जात नाहीत, असे 'यूट्यूब'ने २००९ मध्ये स्वतःच जाहीर केले. २०१० मध्ये ताऱ्यांच्या जागी उंचावलेला व खाली वळवलेला अंगठा आला. २०२१ च्या नोव्हेंबरपासून खाली वळवलेल्या अंगठ्यांची संख्या प्रेक्षकांना दाखवणेही बंद झाले. पाच श्रेणींवरून दोन आणि दोनांवरून एकच दृश्य आकडा, असा हा प्रवास आहे. नापसंती दिसेनाशी झाली, की पसंतीचा अर्थही पातळ होतो.

याहून गंभीर प्रश्न इतरांच्या मताच्या प्रभावाचा आहे. मॅथ्यू साल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स या संशोधकांनी २००६ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी १४ हजारांहून अधिक व्यक्तींना अपरिचित वादकसमूहांची ४८ गाणी एका संकेतस्थळावर उपलब्ध करून दिली. काहींना फक्त गाण्यांची यादी दिसत होती. इतरांना आठ स्वतंत्र गटांत विभागून, आपल्या गटातील लोकांनी कोणते गाणे किती वेळा उतरवून घेतले हेही दाखवले गेले. हा आकडा दिसताच लोकप्रिय गाणी अधिक लोकप्रिय झाली, मागे पडलेली आणखी मागे पडली आणि एकच गाणे वेगवेगळ्या गटांत वेगवेगळ्या स्थानी पोहोचले. अतिशय चांगली गाणी सहसा तळाला गेली नाहीत आणि अतिशय वाईट सहसा शिखरावर पोहोचली नाहीत. मधल्या गाण्यांचे भवितव्य मात्र आरंभीच्या काही श्रोत्यांनी काय निवडले, यावर अवलंबून राहिले.

या प्रयोगाचा निष्कर्ष आपल्यासाठी मोलाचा आहे. आकडा आवडीची नोंद करतो, तसाच तो आवड घडवतोही. लाखो अंगठ्यांकडे बोट दाखवून गाण्याची गुणवत्ता सिद्ध करणारा विद्यार्थी प्रत्यक्षात पूर्वीच्या श्रोत्यांचे वर्तन सांगत असतो. गाण्याबद्दल त्याने अजून काहीच सांगितलेले नसते.

क्रमवारीबाहेरची लोकप्रियता

महाराष्ट्रातील संगीताचा मोठा प्रवाह कोणत्याही क्रमवारीत आला नाही. वामनदादा कर्डक (१९२२-२००४) यांची भीमगीते वस्त्यावस्त्यांतून, जयंतीच्या मंडपांतून आणि रात्र रात्र चालणाऱ्या गायनाच्या कार्यक्रमांतून पसरली. प्रल्हाद शिंदे यांचा आवाज कॅसेटच्या काळात घराघरांत पोहोचला. 'गीतमाले'ची क्रमवारी हिंदी चित्रपटगीतांची होती, तर प्रतिष्ठित समीक्षेचे लक्ष रागसंगीत, नाट्यसंगीत व भावगीत यांवर खिळलेले होते. परिणामी ही गाणी लोकप्रिय असूनही मोजणी आणि समीक्षा या दोहोंच्या बाहेर राहिली.

येथे ऑनलाइन माध्यमाचे योगदान मान्य केले पाहिजे. जुन्या कॅसेटमधील गाणी आज कोणीतरी पदरमोड करून चढवतो आणि त्यांखाली गीतकार कोण, हे गाणे कोणत्या प्रसंगी ऐकले होते, अशी माहिती श्रोतेच भरतात. 'आठवणीतली गाणी' या संकेतस्थळाने मराठी गीतांचे शब्द, कवी, संगीतकार, गायक आणि राग यांची नोंद करून हेच कार्य पद्धतशीरपणे केले आहे. श्रोत्याने दिलेली अशी एक ओळ शंभर अंगठ्यांहून मोलाची ठरते, कारण ती पुढच्या श्रोत्याचे ऐकणे समृद्ध करते. पूर्वी ही भूमिका केशवराव भोळे यांच्यासारखे मोजके जाणकार छापील लेखनातून पार पाडत. आज ती कोणालाही पार पाडता येते. त्या संधीचा उपयोग किती होतो, हा खरा प्रश्न आहे.

धामणकर नाक्यावरील श्रोता

भिवंडी हे यंत्रमागांचे शहर. येथे उर्दू, मराठी, हिंदी, भोजपुरी आणि तेलुगू भाषक शेजारी शेजारी राहतात. आसपासच्या गावांतून आगरी बोली ऐकू येते. धामणकर नाक्यावर या सर्व भाषांचे लोक रिक्षाची वाट पाहत एकाच वेळी उभे असतात. लग्नाची वरात, कव्वाली, गणपतीची मिरवणूक यांतून एकाचे गाणे दुसऱ्याच्या कानी पडते. ते आवडलेच पाहिजे असे नाही. पण ते अपरिचित राहत नाही.

मोबाइलमधील शिफारशींचे तर्कशास्त्र याच्या उलट आहे. ज्याने आगरी लग्नगीत ऐकले त्याला आणखी आगरी गाणी मिळतात, ज्याने तेलुगू चित्रपटगीत ऐकले त्याला आणखी तेलुगू. समान आवडीचे श्रोते दूरवरून एकत्र येतात, पण खांद्याला खांदा लावून उभा असलेला शेजारी मात्र कानाआड होतो. 'आपली आवड'मधील अनोळखी गावच्या श्रोत्याचे गाणे ऐकण्याची जी सक्ती होती, ती येथे संपते. बहुभाषिक शहरासाठी ही हानी केवळ सांगीतिक नाही.

समारोप

गुणांकनाला विरोध करणे हा या लेखाचा हेतू नाही. आकडा लोकप्रियतेचा ढोबळ अंदाज देतो आणि १९५० च्या दशकात त्याच लोकमताने शासकीय अभिरुचीला आव्हान दिले होते. परंतु आवडीचे कारण सांगता येणे हा रसिकतेचा पहिला कस आहे, आणि ते सांगण्याची भाषा आपोआप येत नाही.

ही जबाबदारी महाविद्यालयीन अध्यापनाची आहे. भाषा विषयाच्या अंतर्गत मूल्यमापनात एक साधा स्वाध्याय देता येईल : विद्यार्थ्याने आपल्या आवडीचे एक गाणे निवडावे आणि ती भाषा न जाणणाऱ्या वर्गमित्रासाठी त्याविषयी दहा वाक्ये लिहावीत. चाल, शब्द, ठेका, आवाज, गाण्याचा प्रसंग यांपैकी काहीही सांगावे. 'छान आहे' आणि 'सर्वांना आवडते' ही दोन वाक्ये मात्र वर्ज्य असावीत. मग वर्गमित्राने ते गाणे पूर्ण ऐकून उत्तर लिहावे. यंत्रमाग कामगाराच्या मुलीने तेलुगू गाण्याविषयी मराठीत लिहिलेली ती दहा वाक्ये म्हणजे समीक्षेचा आरंभच होय. त्यांचे मूल्यमापन करताना आपणा शिक्षकांनाही गुणांच्या रकान्याखाली कारण लिहावे लागेल.