उत्कर्षाच्या महाकाव्यांतील अस्ताची जाणीव

पोर्तुगीज व स्पॅनिश साम्राज्यांच्या ऱ्हासाची जाणीव साहित्यात त्यांच्या वैभवकाळातच उमटली होती. मात्र दोहोंकडील तिचे स्वरूप भिन्न होते. कामोंइशच्या ‘उज लुझीआदश’ (१५७२) या महाकाव्यात वास्को द गामाची गलबते निघत असताना रेस्तेलोच्या किनाऱ्यावरील वृद्ध कीर्तिलालसेचा धिक्कार करतो. चौथ्या सर्गातील हा प्रसंग साम्राज्यविरोधाचा उद्गार म्हणून वाचला जातो. परंतु वृद्धाचा आक्षेप युद्धाला नाही. दूरदेशीच्या मोहिमेने स्वदेश ओस पडेल, त्यापेक्षा दाराशी असलेल्या मुस्लिम शत्रूशी लढावे, असे तो सुचवतो. काव्य ज्याला अर्पण झाले तो राजा सेबास्तियांव १५७८ मध्ये मोरोक्कोतील अशाच युद्धात मारला गेला आणि १५८० मध्ये पोर्तुगालचा मुकुट स्पेनच्या दुसऱ्या फिलिपकडे गेला.

त्याच फिलिपला अर्पण केलेल्या एर्सियाच्या ‘ला आराउकाना’त (१५६९, १५७८, १५८९) वेगळी अस्वस्थता आहे. चिलीतील युद्धात स्वतः लढलेला हा कवी राजसत्तेचा हक्क नाकारत नाही. तरीही शत्रुपक्षातील लाउतारो व काउपोलिकान यांना तो नायकाची उंची देतो. काउपोलिकानच्या क्रूर वधाच्या वेळी आपण उपस्थित असतो तर तो थांबवला असता, असेही तो नमूद करतो.

एक काव्य स्वकीयांच्या हानीचा हिशेब मांडते, तर दुसरे परकीयाच्या मृत्यूचा. ‘साम्राज्यविरोधी’ या एकाच संज्ञेखाली दोघांना आणल्यास हा नैतिक भेदच पुसला जातो.