मेडिकल टुरिझमचा पैसा कळव्यापर्यंत पोहोचतो का?

वैद्यकीय पर्यटनावर सिनॉप्सिस लिहायला बसलं की एक पुस्तक हमखास हाती येतं : मिलिका बुकमन आणि कार्ला बुकमन यांचं २००७ मधलं ‘मेडिकल टुरिझम इन डेव्हलपिंग कंट्रीज’. माझ्याही पहिल्या सिनॉप्सिसचा पाया तेच होतं. पुस्तक चांगलंच आहे. पण ते ठाण्याला लावताना माझं कुठे चुकलं, ते सांगतो.

पुस्तकाचं म्हणणं थोडक्यात असं. विशेष उपचार कमी खर्चात देऊ शकणारे विकसनशील देश परदेशी रुग्ण आणू शकतात. त्यातून सरकारला महसूल मिळतो आणि धोरण नीट असेल तर तो सार्वजनिक आरोग्यसेवेकडे वळवता येतो. हे आपोआप होतं, असं लेखिका म्हणत नाहीत. धोरणाची अट घालतात, आणि तिथेच पुस्तकाचं बळ आहे. मी मात्र निष्कर्ष उचलला आणि अट गाळली.

माझं गृहीतक होतं : ‘ठाण्यात सुपर स्पेशालिटी सेवा वाढल्या की वैद्यकीय पर्यटन वाढेल आणि स्थानिक आरोग्यसेवेला फायदा होईल.’ गाइडनी समासात एवढंच लिहिलं : ‘कोणत्या वाटेने?’

मग ती वाट शोधायला लागलो. समजा, परदेशी रुग्णाने ठाण्यातल्या खासगी रुग्णालयात सांधेरोपण करून घेतलं. रुग्णालयाच्या नफ्यावरचा आयकर केंद्र सरकार गोळा करतं. उपचारांवर बहुतांशी जीएसटी नाही. कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय चालवते ठाणे महापालिका; कल्याणचं रुक्मिणीबाई आणि डोंबिवलीचं शास्त्रीनगर रुग्णालय चालवते कल्याण-डोंबिवली महापालिका. खासगी रुग्णालयाकडून महापालिकेला मालमत्ता कर मिळतो, पण परदेशी रुग्ण दहा आले की हजार, त्याने तो बदलत नाही. म्हणजे पुस्तकातला ‘सरकार’ हा एक शब्द इथे तीन वेगळ्या तिजोऱ्यांचा आहे.

दुसरी वाट कायद्यात आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१अअ नुसार धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. शिवाय बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जाते. पुस्तकाला अपेक्षित आहे तसंच हे धोरण. पण हे कलम न्यासांना लागू होतं, कंपन्यांना नाही. २००७ मध्ये ठाण्यात सुरू झालेलं ज्युपिटर कंपनीचं आहे आणि २०२३ पासून ती कंपनी शेअर बाजारात आहे. यात बेकायदा काही नाही. आपल्या गृहीतकातला बाण मात्र इथे तुटतो.

आता ऑगस्ट २०२३ आठवा. कळवा रुग्णालयात २४ तासांत १८ रुग्ण दगावले. त्याच काळात ठाण्याच्या जिल्हा रुग्णालयाच्या जागी सुपर स्पेशालिटी रुग्णालय उभारायचं काम सुरू होतं आणि कळव्यावरचा ताण वाढला होता. एकामुळे दुसरं झालं, असं मी म्हणत नाही. तसं म्हणायला प्रत्येक मृत्यूचं कारण तपासावं लागेल. पण ‘विशेष सेवा वाढल्या’ हे मोजताना साध्या खाटांचं काय झालं, हेही मोजावं लागतं. माझ्या आराखड्यात तो रकानाच नव्हता.

आकड्यांचीही तीच गत. वैद्यकीय कारणासाठी भारतात आलेल्या परदेशींची संख्या २०१९ मध्ये सुमारे ७ लाख होती. ही नोंद देशात शिरतानाची. उपचार कुठल्या जिल्ह्यात झाले, ते त्यातून कळत नाही. आणि अँजिओप्लास्टीसाठी लोकलने ठाण्याला येणारे डोंबिवलीचे काका पर्यटक नव्हेत. त्यांना मोजून ‘पर्यटन वाढलं’ म्हणता येत नाही.

म्हणून पुस्तक टाकून देऊ नका. ते देशाच्या पातळीवर बोलतं. आपण वॉर्डाच्या पातळीवर प्रश्न विचारतो. मधलं अंतर आपल्यालाच भरायचं असतं. तुमच्या गृहीतकात ‘यामुळे’ हा शब्द जिथे जिथे आलाय, तिथे बाण काढा आणि त्यावर पैसा नेणाऱ्या खात्याचं नाव लिहा. नाव सुचलं नाही, तर तुमचा खरा संशोधन-प्रश्न बहुधा तिथेच आहे. मला माझा असाच सापडला.