धर्मप्रसाराचे नियोजन आणि भाषेचा प्रश्न : विल्यम केरी यांच्या 'एन्क्वायरी'चे पुनर्वाचन

प्रस्तावना

ख्रिस्ती धर्मप्रसाराच्या इतिहासात इ. स. १७९२ मध्ये इंग्लंडमधील लेस्टर येथे प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या पुस्तिकेला विशेष स्थान आहे. विल्यम केरी यांची ही पुस्तिका 'एन्क्वायरी' या संक्षिप्त नावाने ओळखली जाते. शतकाहून थोडी कमीच पाने असलेल्या या लेखनाचा लेखक पोटापाण्यासाठी जोडे शिवणारा, फावल्या वेळात स्वतःच्या बळावर भाषा शिकलेला एक ग्रामीण बाप्टिस्ट उपदेशक होता. या पुस्तिकेविषयी आजवर झालेले लेखन प्रायः दोन टोकांना विभागलेले दिसते. एका टोकाला केरी यांना आधुनिक मिशनकार्याचे जनक मानून केलेला गौरव आहे, तर दुसऱ्या टोकाला साम्राज्यवादाचा पूर्वरंग म्हणून केलेली निर्भर्त्सना आहे. दोन्ही पक्ष पुस्तिकेच्या परिणामांकडे पाहतात. तिच्या युक्तिवादाच्या रचनेकडे मात्र दोघांचेही दुर्लक्ष होते. राष्ट्रांचे परिवर्तन घडवू पाहणाऱ्या या आराखड्यात भाषेचे स्थान काय होते आणि प्रत्यक्ष कार्यात ते काय झाले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

पुस्तिकेचे स्वरूप

पुस्तिकेचे पाच भाग आहेत. सर्व राष्ट्रांना शिष्य करण्याची ख्रिस्ताची आज्ञा केवळ प्रेषितांपुरती नसून आजही बंधनकारक आहे, हे पहिल्या भागाचे प्रतिपादन. दुसऱ्या भागात पूर्वीच्या प्रयत्नांचा इतिहास येतो. त्यात डेन्मार्कच्या राजाने १७०६ मध्ये त्रांकेबारला पाठविलेल्या त्सीगेनबाल्ग यांचाही उल्लेख आहे. आपण काही अपूर्व सांगत आहोत असा दावा केरी यांनी केलेला नाही. 'जनक' ही पदवी नंतरच्या भक्तांनी दिलेली आहे.

तिसरा भाग हा पुस्तिकेचा कणा होय. जगातील देशांची नावे, त्यांची लांबी-रुंदी मैलांत, लोकसंख्या आणि धर्म असे रकाने करून केरी यांनी संपूर्ण पृथ्वी कोष्टकात मांडली आहे. जगाची लोकसंख्या सुमारे ७३ कोटी १० लाख, आणि त्यांपैकी ४२ कोटी लोक 'पेगन', म्हणजे अंधारात असलेले मूर्तिपूजक, असा त्यांचा हिशेब आहे. धर्मोपदेशात आकडेवारीला युक्तिवादाचे मुख्य साधन करण्याचे धाडस येथे दिसते. उपदेशकाने श्रोत्याच्या भावनेला हात घालावा ही रूढ रीत. केरी श्रोत्यापुढे हिशेबाची वही उघडतात.

परंतु या वहीत दोन उणिवा आहेत. पहिली उणीव वर्गीकरणाची. ख्रिस्ती, यहुदी आणि मुसलमान वगळता उरलेली सर्व मानवजात 'पेगन' या एकाच शब्दात कोंबली गेली आहे. त्यामुळे वेदान्ती पंडित आणि पॅसिफिक बेटांवरील मच्छीमार एकाच रकान्यात शेजारी बसतात. दुसरी उणीव अधिक अर्थपूर्ण आहे. या कोष्टकात क्षेत्रफळ आहे, लोकसंख्या आहे, धर्म आहे. भाषेचा रकानाच नाही. ज्या कार्याचे सारे साधन शब्द हेच आहे, त्या कार्याच्या आराखड्यात भाषा मोजली गेलेली नाही.

पाच अडचणी

ही उणीव अनवधानाची नाही, हे चौथ्या भागावरून स्पष्ट होते. अंतर, लोकांचे रानटी राहणीमान, जिवाला धोका, निर्वाहाची साधने आणि अनोळखी भाषा अशा पाच अडचणींचा तेथे क्रमाने परामर्श घेतला आहे. काही उत्तरे आजही विचारार्ह आहेत. तथाकथित रानटी लोकांचे हल्ले हे बहुतेक वेळा परकीयांनी केलेल्या आगळिकीचा प्रतिकार असतात, हे केरी यांचे मत त्या काळाच्या मानाने उदार म्हणावे लागेल. निर्वाहासाठी किमान दोघांनी मिळून जावे, बायकामुले सोबत न्यावीत, थोडी शेती, मासेमारी व शिकार यांवर गुजराण करावी, अशी व्यवहारी योजनाही ते देतात.

भाषेची अडचण मात्र त्यांना सर्वांत किरकोळ वाटते. कोणत्याही लोकांची भाषा वर्षभरात, फार तर दोन वर्षांत, आपले म्हणणे पोचविण्यापुरती शिकता येते आणि त्यासाठी असामान्य बुद्धीची गरज नसते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. येथे भाषेची कल्पना एकेरी आहे. आपले म्हणणे समोरच्यापर्यंत नेणारे वाहन, एवढेच तिचे कार्य. समोरच्याचे म्हणणे आपल्यापर्यंत आणणारे माध्यम म्हणून ती विचारात घेतलेली नाही.

नियोजन आणि अनुभव

ऑक्टोबर १७९२ मध्ये केटरिंग येथे बाप्टिस्ट मिशनरी सोसायटीची स्थापना झाली आणि नोव्हेंबर १७९३ मध्ये केरी कलकत्त्यास पोचले. त्यानंतर आराखड्यातील एकेक गृहीतक कोसळत गेले. ईस्ट इंडिया कंपनी मिशनऱ्यांना अनुकूल नव्हती; म्हणून केरी यांना मदनावती येथे निळीच्या कारखान्याची व्यवस्था पाहावी लागली. कुटुंब सोबत नेण्याची सूचना पुस्तिकेत एका वाक्यात येते. प्रत्यक्षात १७९४ मध्ये त्यांचा लहान मुलगा पीटर मरण पावला आणि पत्नी डोरोथी यांचे मानसिक संतुलन ढळले. १८०७ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या सावरल्या नाहीत. प्रथम येण्यास नकार दिलेल्या या स्त्रीने मोजलेली किंमत कोणत्याही रकान्यात बसणारी नव्हती. कृष्ण पाल या सुताराच्या रूपाने पहिला बंगाली धर्मांतरित मिळाला तो डिसेंबर १८०० मध्ये, म्हणजे सात वर्षांनी.

या सात वर्षांत आणि त्यानंतरही केरी यांचा बहुतांश काळ भाषेवरच खर्च झाला. १८०१ मध्ये बंगाली नवा करार बाहेर पडला, आणि पुढे त्यात वारंवार सुधारणा कराव्या लागल्या. या श्रमांत त्यांचे शिक्षक होते रामराम बसू आणि मृत्युंजय विद्यालंकार यांच्यासारखे विद्वान. बसू यांनी ख्रिस्ती धर्मात रस दाखविला, तथापि बाप्तिस्मा घेतला नाही. परिवर्तनासाठी आलेला मिशनरी विद्यार्थी झाला आणि ज्याचे परिवर्तन अपेक्षित होते तो गुरू झाला, ही स्थिती आराखड्याच्या कल्पनेपलीकडची होती.

मराठीच्या संदर्भात

फोर्ट विल्यम महाविद्यालयात केरी यांच्याकडे बंगाली व संस्कृतबरोबर मराठीचेही अध्यापन आले. त्यातून मराठी व्याकरण (१८०५), मोडी लिपीत छापलेला शब्दकोश (१८१०) आणि मराठी नवा करार (१८११) निर्माण झाले. मराठी मुद्रित गद्याच्या आरंभीच्या टप्प्यात या ग्रंथांचे महत्त्व वादातीत आहे. या कामामागे वैजनाथ पंडितांचे ज्ञान उभे होते. त्यांची 'सिंहासन बत्तिशी' १८१४ मध्ये सेरामपूरलाच छापली गेली, आणि रामराम बसूंच्या बंगाली प्रतापादित्य-चरित्राचे मराठी रूपही त्यांनी सिद्ध केले. वाङ्मयेतिहासात केरी यांचे नाव ठळक आणि पंडितांचे नाव पुसट राहिले, याचे मूळ आराखड्याच्या रचनेत शोधता येते. ज्या योजनेत शिकविणाऱ्या स्थानिकाला जागाच नव्हती, तिच्या यशाची नोंद करतानाही तो सहज गळून पडला.

मराठी प्रदेशापासून दूर, बंगालमध्ये सिद्ध झालेल्या या भाषांतराची मर्यादाही लवकरच उघड झाली. १८१३ मध्ये मुंबईत आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांनी स्वतंत्र भाषांतर हाती घेतले आणि त्यांचा मराठी नवा करार १८२६ मध्ये पूर्ण झाला. केरी यांच्या कोशाची जागाही १८३१ मध्ये मोल्सवर्थ यांच्या कोशाने घेतली. त्या कोशासाठी शब्दसंग्रहाचे काम मराठी शास्त्र्यांनीच केले होते. भाषा तिच्या बोलणाऱ्यांपासून वेगळी काढून शिकता येत नाही, हा धडा यात आहे.

प्रशिक्षणाची बदललेली दिशा

सेरामपूरच्या मिशनरी मंडळींना हा धडा उमगला होता, याचे पुरावे त्यांच्याच दस्तऐवजांत सापडतात. १८०५ च्या त्यांच्या करारनाम्यात लोकांच्या विचारपद्धतीचे ज्ञान मिळविणे आणि स्थानिक उपदेशक तयार करणे यांवर भर आहे. धर्मांतरितांची मूळ नावे बदलू नयेत, असाही त्यात विचार आहे. १८१८ मध्ये स्थापन झालेल्या सेरामपूर महाविद्यालयाने जातिधर्माचा भेद न ठेवता प्रवेश दिला आणि पौर्वात्य वाङ्मय व पाश्चात्त्य विज्ञान एकत्र शिकविण्याचे उद्दिष्ट ठेवले. इंग्लंडमधील तरुणास दोन वर्षांत भाषा शिकवून पाठविण्याऐवजी येथील तरुणास येथेच शिकविणे, हा आराखड्याच्या केंद्रस्थानी झालेला बदल होय. अर्थात अंतिम हेतू धर्मप्रसाराचाच होता, हे विसरून या बदलाचे उदात्तीकरण करणे योग्य ठरणार नाही.

समारोप

कोष्टकाची पद्धत केरी यांच्याबरोबर संपली नाही. १९७४ च्या लोझान परिषदेत राल्फ विंटर यांनी सुवार्तेपासून दूर राहिलेल्या जनसमूहांचा प्रश्न मांडला. त्यानंतर 'न पोचलेल्या' समूहांच्या याद्या करणे हे मिशन-नियोजनाचे प्रमुख अंग बनले. या नव्या याद्यांत भाषेचा रकाना आवर्जून असतो. त्या दृष्टीने केरी यांची उणीव भरून निघाली आहे. तथापि, कोण कोणापर्यंत पोचणार याची दिशा बहुधा आधीच ठरलेली असते.

'एन्क्वायरी'ला पवित्र संहिता मानणे किंवा केवळ साम्राज्याचे साधन ठरविणे, दोन्ही अपुरे आहे. तिचे खरे मूल्य तिच्या लेखकाने पुढे जगलेल्या चार दशकांच्या आयुष्याशेजारी ठेवून वाचल्यास कळते. दोन वर्षांत सुटेल म्हणून जी अडचण बाजूला सारली, तिच्यातच १८३४ मधील मृत्यूपर्यंतचे त्यांचे आयुष्य गेले. आणि आज मराठी वा बंगाली अभ्यासकाला केरी आठवतात ते त्याच अडचणीमुळे. ४२ कोटींचा हिशेब मागे पडला. व्याकरण, कोश आणि त्यांमागे उभे असलेले पंडित उरले. त्या पंडितांना वाङ्मयेतिहासात त्यांचे स्थान देणे, हे या पुनर्वाचनातून पुढे येणारे अभ्यासकांचे कर्तव्य आहे.