डूख आणि पान

बेळगावहून सकाळी लवकर निघालं तरी दिग्गीला पोचेपर्यंत दुपार कलते. रामनगर, गणेशगुडी, जोयडा मागे पडलं की रस्ता रानात शिरतो. काळी नदी या गावाच्या परिसरात उगम पावते आणि सुमारे १८४ किलोमीटर वाहून कारवारजवळ समुद्राला मिळते. कारवारची काळी मी खूपदा पाहिलेली. ती जन्मते कुठे हे बघायची हौस होती. ह्यांच्या बँकेतल्या जुन्या मित्राचं घर दिग्गीत आहे, म्हणून पावसाळा सरता सरता चार दिवस तिथे राहून आलो.

पहिल्याच संध्याकाळी त्या घरातल्या काकू गोठ्याकडे निघाल्या. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात काठी. काठी जमिनीवर आपटायची, जरा थांबायचं, पुन्हा आपटायची. मला वाटलं, गुडघे दुखत असतील. विचारलं तर हसल्या. म्हणाल्या, "जनावर असतं वाटेत, बाय. त्याला कळवायला नको, माणूस येतंय म्हणून?"

रात्री ओट्यावर बसलो असताना कळलं, की त्यांचे धाकटे दीर सापाने गेले. बरीच वर्षं झाली. चादरीची झोळी करून चौघांनी उचलून नेलं, पण रस्त्याला लागण्याआधीच संपलं सगळं. मी हळहळले. काकू म्हणाल्या, "पान लागलं त्याला. काळोख होता. पाय पडला." एवढंच. सापाला शिवी नाही, दिराला बोल नाही.

'पान लागणं' हा शब्द मी कितीतरी वर्षांनी ऐकला. माझ्या आजीच्या तोंडी असायचा. साप चावला म्हणायचं नाही, पान लागलं म्हणायचं. रात्री तर सापाचं नावच घ्यायचं नाही, लांबडं म्हणायचं. कॉलेजात जाऊन चार पुस्तकं वाचल्यावर मला ती अंधश्रद्धा वाटायला लागली होती. दिग्गीच्या ओट्यावर पहिल्यांदा लक्षात आलं, की त्या शब्दात फिर्याद नाही. आणि आपल्याच मराठीत याच्या अगदी उलटा दुसरा शब्द आहे: डूख धरणं. साप डूख धरतो, बारा वर्षं विसरत नाही, शोधत घरी येतो. बिचाऱ्या सापाला यातलं काही जमत नाही. आकस धरणारं मन आपलं. ते आपण त्याच्या अंगावर चढवलं, त्यावर नागिणीचे सिनेमे काढले, आणि मग मनात अढी धरणाऱ्या माणसालाही 'डूख धरून आहे' म्हणू लागलो.

या दोन शब्दांवरून मला त्या रात्री स्टीव्ह आयर्विन आठवला. खाकी अर्धी चड्डी, खाकी शर्ट, पिवळे केस आणि सारखा आनंदाने ओरडणारा तो ऑस्ट्रेलियन माणूस. त्याचा 'द क्रोकोडाईल हंटर' हा कार्यक्रम आमच्या घरात एके काळी रोज चालायचा, कारण माझा मुलगा त्याचा भक्त होता. मुलगा तेव्हा पाचवीत. उशीला मगर समजून तिच्यावर उडी मारायचा.

आयर्विन ४ सप्टेंबर २००६ रोजी गेला. क्वीन्सलँडच्या किनाऱ्यापासून दूर, बॅट रीफ या प्रवाळाच्या भागात उथळ पाण्यात पोहत असताना एका मोठ्या पाकटाने शेपटीचा काटा मारला आणि तो छातीत हृदयापर्यंत गेला. पाकट म्हणजे तो चपटा, पंखांसारखा पसरलेला मासा. कारवारच्या बाजारातून नाकाला पदर लावून जाताना मी तो पाहिलेला आहे. तो आपण होऊन माणसाच्या वाटेला जात नाही. काटा असतो तो बचावापुरता. त्याने माणूस दगावल्याच्या घटना फारच थोड्या. आयर्विन ४४ वर्षांचा होता. मागे पत्नी, आठ वर्षांची मुलगी आणि तीन वर्षंही पूर्ण न झालेला मुलगा.

त्यानंतर जगभर लोक जे बोलले, वागले, त्याबद्दल मला लिहायचं आहे. त्या माणसापेक्षाही ते जास्त शिकवणारं आहे.

त्याच्या प्राणिसंग्रहालयाच्या दारात फुलांचा ढीग लागला. लोकांनी खाकी शर्ट आणून त्यावर निरोप लिहिले. पंतप्रधानांनी शोक व्यक्त केला. सरकारी इतमामाने अंत्यसंस्कार करण्याची तयारी दाखवली गेली, ती वडिलांनी नाकारली. मुलगा साधा माणूस होता, साधाच राहू दे, असं त्यांचं म्हणणं. २० सप्टेंबरला स्मरणसभा झाली, तीत त्याची आठ वर्षांची मुलगी बोलली. इथवर सगळं समजण्यासारखं आहे. आपलं माणूस गेलं की आपणही असंच काहीबाही करतो.

पण दुसऱ्याच दिवशी, ५ सप्टेंबरला, जर्मेन ग्रीअर या नामवंत ऑस्ट्रेलियन लेखिकेचा लेख इंग्लंडच्या 'गार्डियन'मध्ये आला. त्याचा मथितार्थ असा, की प्राण्यांच्या जगाने अखेर या माणसावर सूड उगवला. ऑस्ट्रेलियात संताप उसळला. बहुतेकांचा आक्षेप होता तो वेळेवर: अजून अंत्यविधी झाला नाही, आणि ही बाई काय लिहिते! माझा आक्षेप वेळेवर नाही. तिच्या लेखातला एक मुद्दा खरा होता. प्राण्याला त्याची म्हणून जागा लागते, आणि हा माणूस सतत त्या जागेत घुसत होता, हे कुणीतरी म्हणायलाच हवं होतं. माझा आक्षेप आहे तो 'सूड' या शब्दाला. प्राण्यांची बाजू मांडायला निघालेल्या विदुषीने पाकटाला माणसासारखं डूख धरायला लावलं. त्या माशाला आयर्विन कोण हे ठाऊक नव्हतं. वर एक मोठी सावली आली, तो बिथरला, शेपटी फिरली.

आणि आणखी आठवड्याभरात क्वीन्सलँडच्या किनाऱ्यांवर मेलेली पाकटं सापडू लागली. निदान दहा. त्यांतल्या काहींच्या शेपट्या तोडलेल्या. त्यांतल्या एखाद्याची शेपटी कोळ्याने नेहमीच्या सवयीने तोडली असेल, कारण इजा होऊ नये म्हणून ती तोडतातच. पण चाहते बदला घेत आहेत ही शंका इतकी दाट होती, की आयर्विनच्याच प्राणिरक्षण संस्थेच्या प्रमुखाला लोकांना विनवावं लागलं: असं करू नका, त्याला हे मुळीच आवडलं नसतं.

बघा हं. एकीने म्हटलं, प्राण्यांनी सूड घेतला. दुसऱ्यांनी प्राण्यांवर सूड घेतला. ही दोन टोकं एकमेकांचा तिरस्कार करत होती, पण दोघांचा शब्द एकच. दोघांनाही एक गुन्हेगार हवा होता. एकीला तो मेलेल्या माणसात सापडला, दुसऱ्यांना माशात.

आमच्या जैन शास्त्रात हिंसेचे चार प्रकार सांगितले आहेत. लहानपणी पाठशाळेत घोकले होते, अर्थ संसारात पडल्यावर कळला. चूल-पाण्यात, झाडलोटीत होते ती आरंभी. पोटापाण्याच्या उद्योगात होते ती उद्योगी. जिवावर बेतल्यावर स्वतःला वाचवताना होते ती विरोधी. आणि ठरवून, मनात धरून केलेली ती संकल्पी. गृहस्थाने निदान ही तरी सोडावी, असं सांगतात. हे नियम माणसासाठी आहेत, माशासाठी नाहीत. पण ताडून बघितलंच, तर पाकटाने केलं ते फार तर विरोधी. किनाऱ्यावर शेपट्या तोडणाऱ्यांनी केलं ते निव्वळ संकल्पी. आणि आयर्विनचं? त्याच्या मनात द्वेष नव्हता, उलट प्रेमच होतं. त्याच्याकडे होता तो प्रमाद. बेसावधपणा. शास्त्र त्यालाही हिंसेच्या मुळाशी ठेवतं, आणि मला ते पटतं.

हा प्रमाद त्याच्या कार्यक्रमातच होता. २००४ च्या जानेवारीत महिन्याभराचं बाळ एका काखेत धरून दुसऱ्या हाताने त्याने मगरीला मांस भरवलं होतं. तेव्हाही जगभर ओरड झाली. त्याचा कॅमेरा आपल्याला शिकवायचा, की धैर्य म्हणजे जवळ जाणं, आणि प्रेम म्हणजे हात लावणं. मारुती चितमपल्लींचं 'रानवाटा' वाचलेल्या मराठी वाचकाला हे खटकायला हवं होतं. तिथे रानात गेलेला माणूस आधी गप्प बसतो, पाहतो, ऐकतो. पण टीव्हीवर गप्प बसलेला माणूस कोण बघणार?

तरी न्याय करायचा तर पुरता करावा. आयर्विनच्या आधी मगर आणि साप हे पडद्यावरचे खलनायक होते. त्याने त्यांना सुंदर म्हटलं, आणि ते मनापासून म्हटलं. गोजिरवाण्या प्राण्यांवर कुणीही प्रेम करील. त्याने कुरूप आणि भयंकर प्राण्यांचा कैवार घेतला. वस्तीजवळ आलेल्या ज्या मगरींना लोक गोळी घालत, त्यांना पकडून दुसरीकडे सोडलं. साप डसला म्हणून सापावर रागावलेला तो मला तरी आठवत नाही. म्हणजे 'पान लागलं' म्हणणाऱ्यांत तो स्वतः होता. त्याचे चाहतेच नव्हते.

हे सगळं परदेशातलं म्हणून सोडून देण्यासारखं नाही. १९८० साली पुण्यात नीलिमकुमार खैरे ७२ विषारी सापांबरोबर ७२ तास राहिले, ते डिवचल्याशिवाय साप डसत नाही हे लोकांना पटवायला. पुढे त्यांनी कात्रजला सर्पोद्यान उभं केलं. आज गावोगाव सर्पमित्र आहेत. बहुतेक जण निमूट येतात, साप धरतात, रानात सोडतात. पण काहींना फणा काढलेल्या नागाबरोबर व्हिडिओ हवा असतो, आणि तो बघायला आपण हवे असतो. त्यातला एखादा दगावला की आपल्यातही तेच दोन तट पडतात. एक म्हणतो 'शहीद', दुसरा म्हणतो 'हौस नडली'. काल व्हिडिओ बघून अंगठा दाखवणारे आपणच होतो, हे दोन्ही तट विसरतात.

आणि ज्यांचा व्हिडिओ नसतो, त्यांचं काय? २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात साप चावून अंदाजे १२ लाख माणसं गेली, म्हणजे वर्षाला सुमारे ५८ हजार. बहुतेक खेड्यातली, शेतात राबणारी. कर्नाटक सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्पदंशाची नोंद सक्तीची केली, तेव्हा कुठे ही माणसं कागदावर यायला लागली. दिग्गीच्या काकूंचे दीर त्याआधीच गेलेले. त्यांच्यासाठी कुणी फुलं ठेवली नाहीत, कुणी लेख लिहिला नाही. गुन्हेगार शोधायचाच असेल तर तो इथे शोधावा: रस्ता का नव्हता, औषध इतक्या लांब का, हे विचारावं. यात राग उपयोगी पडेल. माशाच्या शेपटीवर तो वाया जातो.

आता माझी स्वतःची गोष्ट. आयर्विन गेला तेव्हा आमचं दशलक्षण पर्व चालू होतं. माझं एकभुक्त होतं, दुपारचं जेवून बसले होते, आणि टीव्हीवर बातमी आली. मुलगा रडायला लागला. मी त्याला जवळ घ्यायचं सोडून म्हणाले, "मुक्या जनावरांच्या वाटेला जावंच कशाला? करावं तसं भरावं." त्या दहा दिवसांतला पहिला धर्मच उत्तम क्षमा, आणि मी हे बोलले. ग्रीअरबाईंचा लेख मी नंतर वाचला. पण माझा लेख त्याआधीच स्वयंपाकघराच्या दारात बोलून झाला होता. पर्व संपल्यावर क्षमावाणीच्या दिवशी सगळ्या नातेवाइकांना फोन करून क्षमा मागितली. घरातल्या मुलाची राहिली.

निघायच्या दिवशी पहाटे काकूंची काठी मागून घेतली आणि गोठ्यापर्यंत जाऊन आले, जमिनीवर आपटत, थांबत, पुन्हा आपटत. चालताना पुढची चार हात जमीन बघून पाऊल टाकावं, पायाखाली जीव जाऊ नये, याला आमच्यात ईर्यासमिती म्हणतात. मुनींच्या प्रवचनात कितीदा ऐकलेली. काकूंना तो शब्द ठाऊक नाही. त्या रोज दोनदा तेच करतात.

बेळगावला परत आल्यावर मुलाला फोन लावला. तो आता नोकरीला पुण्यात असतो. सगळं सांगितलं. तो जरा वेळ बोललाच नाही. मग म्हणाला, "आई, मला वाटलं होतं तू विसरलीस." म्हणजे तो विसरला नव्हता. डूख मात्र त्याने धरली नव्हती.