ग्रब रेस्क्यू : एक रसग्रहण

मराठी समीक्षकांनी पोवाड्यापासून लग्नपत्रिकेपर्यंत सगळ्यांची चिकित्सा केली. पण काँप्युटर मान टाकताना जे वाङ्मय प्रसवतो, त्याच्याकडे कुणाचं लक्ष गेलेलं नाही. मी बी.कॉम. झालेला बँकेतला कारकून. साहित्याशी माझा संबंध 'अक्षरी रुपये' या रकान्यापुरता. तरीही ही कामगिरी अंगावर घेतो, कारण आमच्या बदलापुरात सध्या या वाङ्मयाला बहर आला आहे.

बहराचं कारण सांगतो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नेहमीची मोफत देखभाल संपली. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं आणि जुन्या यंत्रांपैकी बऱ्याच जणांकडे ते नाही. धडधाकट यंत्र भंगारात घालणं मध्यमवर्गीय जिवाला मानवत नाही. मग घरातले कॉलेजकुमार म्हणतात, "विंडोज राहू दे, शेजारी लिनक्स टाकतो." लिनक्स येतं, पण वाय-फाय धरत नाही. कुमार वैतागून विंडोजमधूनच लिनक्सचा कप्पा पुसतात. पुढच्या वेळी बटण दाबलं की काळ्या पडद्यावर उमटतं : 'एरर : नो सच पार्टिशन. ग्रब रेस्क्यू'.

आता रसग्रहण. 'असा कप्पाच नाही' हे विधान थेट शून्यवादी. पुढचा 'रेस्क्यू' म्हणजे सुटका. पण कुणी कुणाची करायची, हे वाचकाच्या प्रतिभेवर सोपवलेलं. शेवटी एक लुकलुकणारी रेघ, पासबुक धरून खिडकीशी उभ्या असलेल्या पेन्शनर आजोबांसारखी : बोलत नाही आणि हलतही नाही.

याच परंपरेतली दुसरी कृती ऑगस्ट २०२४ ची. मायक्रोसॉफ्टच्या एका सुरक्षा-अपडेटनंतर विंडोज आणि लिनक्स एकत्र नांदणाऱ्या अनेक यंत्रांवर लिनक्स उठेना. पडद्यावर वाक्य होतं : 'समथिंग हॅज गॉन सीरियसली राँग'. काहीतरी गंभीर घोटाळा झाला आहे! आमचे हेड कॅशियर असं म्हणाले तर निदान पुढे रक्कम तरी सांगतात. दुरुस्ती आली मे २०२५ मध्ये. नऊ महिन्यांचं मध्यंतर संगीत नाटकालासुद्धा परवडलं नसतं.

माझा मुख्य आक्षेप शैलीवर नाही. वाचकाला जे एकच हवं असतं, 'माझ्या फायली जिवंत आहेत का?', त्यावर ही कृती मौन पाळते. आणि खरं उत्तर बहुतेक वेळा 'आहेत' असंच असतं! जुन्या पद्धतीच्या डिस्कवर पहिल्या ५१२ बाइटांत यंत्र सुरू करणारी चिठ्ठी असते. लिनक्सने तिथे ग्रब नावाचा स्टेशनमास्तर बसवला. त्याची नियमपुस्तकं मात्र लिनक्सच्या कप्प्यात होती. कप्पा पुसला. आता मास्तर खुर्चीवर आहे आणि पुस्तकं रद्दीत.

आपल्या कल्याणचंच बघा. तिथून एक फाटा कसाऱ्याकडे जातो, दुसरा विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर करत कर्जतकडे. कल्याणचा सिग्नल बिघडला तर आम्ही डब्यात लोंबकळत शिव्या देतो. पण बदलापूर नाहीसं झालं, असं कुणी समजत नाही. दुरुस्तीवाला मात्र पडद्याकडे बघतो न बघतो तोच म्हणतो, "फॉरमॅट मारावा लागेल." म्हणजे सिग्नलसाठी अख्खं बदलापूर पाडून पुन्हा वसवायचं!

अंबरनाथच्या आमच्या एका काकूंच्या यंत्रात काकांचे शेवटच्या वर्षाचे फोटो होते. यंत्र दुसऱ्या दिवशी ठणठणीत होऊन परत आलं. आतून अगदी स्वच्छ. उल्हासनगरात कशाचीही हुबेहूब नक्कल मिळते म्हणतात. त्या फोटोंची कुठून मिळणार?

खरं तर आधी पेनड्राइव्हवरून लिनक्स नुसतं 'ट्राय' म्हणून चालवायचं आणि फायली बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यायच्या. मग विंडोजच्या पेनड्राइव्हवरून 'रिपेअर युवर काँप्युटर' गाठून 'बूटरेक /फिक्सएमबीआर' ही एक ओळ. नव्या यूईएफआय यंत्रांत पुष्कळदा सुरुवातीच्या यादीत 'विंडोज बूट मॅनेजर' वर आणला की भागतं. बिटलॉकर असेल तर ४८ आकडी किल्ली आधी शोधून ठेवावी. आकडे चुकले तर ओव्हररायटिंग करून सही मारायची सोय तिथे नाही.

बँकेत 'लिंक फेल' अशी पाटी लागते. गिऱ्हाईक चिडतं, पण पैसे बुडाले म्हणून रडत नाही. त्या पाटीइतकं वाङ्मय जरी काळ्या पडद्यावर आलं तरी पुरे. मजकूर मीच देतो, मानधन नको : 'आपली ठेव सुरक्षित असावी. फक्त दार सापडत नाही. कुणी काहीही सांगो, तूर्त काही पुसू नका.'

साहित्यमूल्य शून्य आहे, कबूल. पण दुरुस्तीवाला यायच्या आधी काकूंनी ते वाचलं असतं.